आधी व्हॅन, मग शिडाची बोट : केर्न्स ते व्हिट्संडे, दोघांनीच

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्याने व्हॅनमधून उतरायचं आणि पुढे व्हिट्संडेच्या बेटांमध्ये शिडाची बोट भाड्याने घेऊन ती स्वतःच चालवायची, असा बेत करणारी जोडपी मला पहिल्यांदा खर्च विचारतात आणि मग मगरी. मी मात्र क्रमापासून सुरुवात करते. व्हॅन आधी, बोट नंतर. उलटं करू नका.

कारण असं. व्हॅनमध्ये बॅटरी, म्हणजे टॉर्च, कुठे ठेवली ते विसरलात तर उठून शोधता येते. बोटीवर रात्री दोन वाजता नांगर सुटला की तीच बॅटरी दहा सेकंदांत हातात असावी लागते. आठवडाभर व्हॅनमध्ये राहिलं की दोन माणसं एका खोलीएवढ्याही नसलेल्या जागेत वावरायला शिकतात. कोण कुठे उभं राहील, भांडं कुठे जाईल, पाणी किती लागेल, हे सगळं अंगात भिनतं. आम्ही आधी आठ रात्री व्हॅनमध्ये आणि मग सहा रात्री बोटीवर राहिलो. त्या आठ रात्री नसत्या तर पुढच्या सहा मला जड गेल्या असत्या.

मी मुंबई बंदरात बरीच वर्षं छोट्या शिडाच्या बोटी चालवते आहे. माझ्या नवऱ्याला समुद्र लागतो, पण मोठी गाडी दिवसभर शांतपणे चालवणं त्याला छान जमतं. खाली लिहिलेलं सगळं आमच्यासारख्या जोडप्यासाठी आहे, म्हणजे एकाला थोडं येतं आणि दुसऱ्याची शिकायची तयारी आहे अशांसाठी. दोघांनाही शीड अजिबात माहीत नसेल तर आधी आपल्याकडे चार-पाच दिवसांचा प्राथमिक वर्ग करा, किंवा तिथे पहिला दिवस-दीड दिवस सोबत माहीतगार माणूस घ्या. तशी सोय असते आणि तिचे पैसे वाचवू नयेत.

कधी जायचं

जून ते ऑक्टोबर. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिकडे चक्रीवादळांचा काळ. ३ फेब्रुवारी २०११ ला यासी नावाचं वादळ मिशन बीचजवळ किनाऱ्यावर आलं आणि २८ मार्च २०१७ ला डेबी थेट एअरली बीचच्या भागात, जिथून आम्ही बोट घेतली. डेबीने व्हिट्संडेतल्या हुक बेटाच्या उत्तरेकडच्या खाड्यांमधलं प्रवाळ मोडून टाकलं. नोव्हेंबर ते मे या काळात पाण्यात बॉक्स जेलीफिश आणि इरुकांजी हे विषारी जेलीफिश जास्त असतात. बाकीच्या महिन्यांत ते अजिबात नसतात असं नाही, म्हणून आम्ही पाण्यात उतरताना अंगभर पातळ सूट घातलेच. डंख झालाच तर त्यावर व्हिनेगर किमान ३० सेकंद ओतत राहायचं आणि ००० या तिथल्या आपत्कालीन नंबरला फोन करायचा. व्हिनेगरची बाटली व्हॅनमध्ये एक आणि बोटीवर एक, अशा दोन ठेवा.

आम्ही ऑगस्टच्या शेवटी निघालो. तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, आग्नेयेकडून १५ ते २० नॉटचा (ताशी साधारण २८ ते ३७ किलोमीटर) वारा आठवडाच्या आठवडा वाहतो. सप्टेंबरकडे तो जरा मऊ होतो आणि हंपबॅक देवमासेही अजून तिथेच असतात. सप्टेंबरच्या शेवटी मात्र तिकडच्या शाळांना सुट्टी लागते, तेव्हा व्हॅन, जागा, बोट सगळंच आधीच भरतं.

तारखा ठरवताना मी पंचांग उघडलं. यात श्रद्धेचा भाग काही नाही, कोकणातला कुठलाही तांडेल हेच करतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती-ओहोटी, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान. व्हिट्संडेत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक चार मीटरच्या घरात जाऊ शकतो आणि बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांतून पाणी नदीसारखं ओढतं. भांगाच्या दिवसांत हीच ओढ बरीच कमी होते. बोटीचे दिवस षष्ठीपासून द्वादशीपर्यंत बसवा. विमानाची तिकिटं त्यानंतर काढा.

कागद आणि सामान

भारतीय वाहन परवाना इंग्रजीत असेल तर पर्यटकाला क्वीन्सलँडमध्ये त्यावर गाडी चालवता येते. तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवानाही काढून न्या, कारण काही व्हॅनवाले तो मागतात. गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे आपल्याला सवय करावी लागते ती फक्त वाहनाच्या लांबी-उंचीची. व्हिट्संडेत भाड्याची बोट चालवायला परवाना लागत नाही. बोटवाले निघण्याआधी काही तास सगळं समजावतात आणि तुमच्याकडून करून घेतात. त्यांना खात्री पटली नाही तर ते बोट तुमच्या एकट्यांच्या हाती देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

कडक सुटकेस नेऊ नका. व्हॅनमध्ये ती पायात येते आणि बोटीवर तिला जागाच नसते. कापडी, घडी होणारी बॅग आणा. कपाळावर लावायचे दोन दिवे (एक नव्हे, दोन), पाणी न शिरणारी एक पिशवी आणि पोलराइज्ड काचांचा चष्मा घ्या. या चष्म्याचं काम पुढे सांगते.

खाण्याच्या वस्तूंबद्दल ऑस्ट्रेलियाचे नियम फार कडक आहेत. विमानात देतात त्या कार्डावर जे आहे ते सगळं लिहायचं, मसाल्याची पुडीसुद्धा. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेलीवर दंड बसतो. आम्ही घरून काहीच नेलं नाही. बेसन, तांदूळ, मूगडाळ, हळद केर्न्समध्ये मिळाली आणि चौदा दिवस पिठलं-भात आणि खिचडी यांनी आम्हाला सांभाळलं.

रस्ता

केर्न्स ते एअरली बीच साधारण ६२० किलोमीटर आहे, जवळजवळ सगळा ब्रूस हायवेने. दोन दिवसांत सहज होतो, पण आम्ही मुद्दाम आठ घेतले. पहिल्या दिवशी व्हॅन ताब्यात घेतली की तासाभराच्या अंतरावरच थांबा. त्या संध्याकाळी गॅस, पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी, फ्रिज, पलंग सगळं एकदा दोघांनीही चालवून बघा. एकाने बघायचं आणि दुसऱ्याने मान हलवायची, असं नको.

अंधारात व्हॅन चालवू नका. त्या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्याच वेळी वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, रस्त्यावर येतात. भाड्याच्या कितीतरी करारांमध्ये रात्रीच्या अपघाताला विमा लागू नसतो. कच्च्या रस्त्यांचंही तसंच आहे. इंगमजवळचा वॉलमन धबधबा एका धारेत २६८ मीटर कोसळतो आणि आम्हाला तो बघायचाच होता, पण वरपर्यंतचा रस्ता करारात बसत नव्हता. आम्ही तो सोडला. करारातली बारीक अक्षरं केर्न्समध्येच वाचा, म्हणजे हा निर्णय फाट्यावर उभं राहून घ्यावा लागत नाही.

मिशन बीचच्या रस्त्यावर कॅसोवरी नावाचा माणसाएवढा उंच, न उडणारा पक्षी अचानक आडवा येतो. तिथे वेग खरोखर कमी करा. त्यांची संख्या कमी आहे आणि गाड्यांखाली मरणं हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. टलीमध्ये ७.९ मीटर उंचीचा सोनेरी गमबूट उभा आहे, १९५० साली तिथे पडलेल्या पावसाच्या उंचीचा. आंबोलीचा पाऊस बघितलेल्या माणसालाही त्या बुटाखाली उभं राहून वर बघताना गप्प व्हायला होतं.

इंगमच्या पुढे-मागे दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. माझं माहेर कोल्हापूरकडचं, त्यामुळे मी खिडकीतून डोळे काढले नाहीत. आपल्याकडे ऊस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जातो, तिथे छोट्या रुळांवरून, फक्त ६१० मिलिमीटर रुंदीच्या. जूनपासून गाळप सुरू होतं आणि त्या गाड्या हायवे ओलांडतात. गाडी दिसायला खेळण्यासारखी असली तरी तिच्यामागे लांबलचक माळ असते आणि ती पटकन थांबू शकत नाही. लाल दिवा लुकलुकला की थांबा.

आता मगरी. ग्लॅडस्टोनजवळच्या बॉइन नदीपासून उत्तरेकडचा सगळा किनारा खाऱ्या पाण्यातल्या मगरीचा प्रदेश आहे, म्हणजे आपला हा सगळा प्रवास. नदीचं मुख, खाडी, कांदळवन, गढूळ पाणी यांच्या काठापासून किमान पाच मीटर दूर राहायचं. मुक्काम काठापासून ५० मीटर लांब आणि भरतीच्या रेषेपेक्षा दोन मीटर उंच हवा. मासे साफ करून घाण काठावर टाकायची नाही. पाटी नाही म्हणजे मगर नाही, असं समजू नका. कार्डवेलला समोर हिंचिनब्रुक बेट इतकं सुंदर दिसतं की पाय आपोआप पाण्याकडे वळतात. आम्ही बाकावर बसून बघितलं.

मुक्कामासाठी काही विश्रांतीस्थळांवर २० तासांपर्यंत थांबू देतात, तिथली पाटी वाचायची. राष्ट्रीय उद्यानातल्या जागेचं आरक्षण आधी ऑनलाइन करावं लागतं. दर तिसऱ्या रात्री मात्र विजेची जोडणी असलेली जागा घ्या. कपडे धुवायचे असतात, सांडपाण्याची टाकी रिकामी करायची असते आणि बाकीच्या दोन रात्रींत बॅटरी किती उतरते हेही कळतं. बोटीवर हाच हिशोब रोज करायचा आहे.

व्हॅनच्या मागच्या कड्याला मी हातभर दोर बांधून ठेवला होता. नवरा चहा होईपर्यंत रोज त्यावर बोलाइन गाठ (बोटीवरचा न आवळला जाणारा फास) मारायचा, आधी बघून, मग डोळे मिटून. टाउन्सव्हिलला पोचेपर्यंत त्याची गाठ माझ्यापेक्षा नीटस बसायला लागली.

बोट कुठली घ्यायची

नवशिक्या जोडप्याने कॅटमरान, म्हणजे दोन सांगाडे जोडलेली बोट, घ्यावी. ती कलत नाही, दोन इंजिनांमुळे जागच्या जागी वळते आणि कमी पाण्यात जाते. आम्ही एका कण्याची (तळाखाली खोल उतरलेला एकच कणा असलेली) बोट घेतली, कारण मला तीच ओळखीची आणि भाडंही कमी होतं. नवऱ्याच्या पोटाचा विचार करता पुढच्या वेळी मी कॅटमरान घेईन.

समजावून सांगतील तेव्हा तीन गोष्टी दोघांनीही स्वतःच्या हाताने करून बघा. इंजिन सुरू-बंद करणं, शीड पूर्ण खाली आणणं, आणि व्हीएचएफ रेडिओवर, म्हणजे बोटीवरच्या बिनतारी संचावर, बोलणं. मी पाण्यात पडले तर बोट मागे फिरवून मला उचलणारा एकच माणूस बोटीवर आहे, आणि त्याला हे येत नसेल तर माझ्या सगळ्या अनुभवाचा उपयोग शून्य. रेडिओचा १६ नंबरचा चॅनेल संकटाचा. बोटवाले सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी रेडिओवर हाक देतात, हवामान सांगतात आणि तुम्ही कुठे आहात ते विचारतात. ती हाक चुकवू नका.

नांगर

शिडाची सगळे तयारी करतात, नांगराची कोणी करत नाही. व्हिट्संडेत वारा तुम्हाला अडचणीत आणण्याआधी नांगर आणतो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

साखळी किती सोडायची याचा साधा नियम पाण्याच्या खोलीच्या पाचपट. पण खोली कुठून मोजायची आणि कधीची मोजायची? पहिल्या संध्याकाळी आम्ही इथेच चुकलो. यंत्र खोली चार मीटर दाखवत होतं. नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) पाण्यापर्यंतचं एक मीटर त्यात मिळवून नवऱ्याने पाच धरले आणि पाचपट म्हणून २५ मीटर साखळी सोडली. मी सुकाणूवरून मान डोलावली. मध्यरात्री दोनला साखळी तळावर घासल्याचा आवाज आला आणि बोट मागे सरकत होती. शेजारची बोट आमच्यापासून तीन बोटींच्या अंतरावर आली होती. कपाळावरचे दिवे लावून, इंजिन सुरू करून आम्ही नांगर उचलला आणि पुन्हा टाकला. सकाळपर्यंत झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी कागदावर मांडलं तेव्हा चूक दिसली. आमच्या बोटीवरचं यंत्र कण्याच्या खालून खोली मोजत होतं, पाण्याच्या पृष्ठभागापासून नव्हे. कणा १.८ मीटर. म्हणजे खरं पाणी ५.८. आम्ही नांगर टाकला तेव्हा ओहोटी होती आणि रात्रीची भरती २.२ मीटर चढणार होती. झाले ८. त्यात नाळेची उंची १.२ मिळवली की ९.२. याच्या पाचपट ४६ मीटर. आम्ही २५ सोडली होती, म्हणजे भरतीला तिपटीपेक्षाही कमी. साखळीचा ओढा तळाला समांतर राहिला नाही, वर ओढला गेला आणि नांगर उपटला.

म्हणून यंत्र कुठून मोजतं, साखळीवर रंगाच्या खुणा किती मीटरवर आहेत आणि एकूण साखळी किती आहे, हे तीन प्रश्न बोट ताब्यात घेतानाच विचारा. भरतीचं कोष्टक टेबलावर उघडं ठेवा. वाळू किंवा चिखल बघून टाका, प्रवाळावर कधीही नाही. नांगराने प्रवाळ मोडणं हा तिथे गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी मोडू नये. शेकडो वर्षांची वाढ एका साखळीने मिनिटात चिरडली जाते. काही खाड्यांमध्ये पांढरे बोये (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा) लावलेले असतात, त्यांच्या आत किनाऱ्याकडे नांगर टाकायला मनाई असते. शक्य असेल तिथे बांधायचे सार्वजनिक बोये वापरा. किती लांबीची बोट, किती वारा आणि दिवसा किती वेळ, हे बोयावरच लिहिलेलं असतं.

नांगर टाकल्यावर इंजिन हळू मागे घालून तो रुतवा. मग काठावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, एखादा खडक आणि त्यामागचं झाड. दहा मिनिटांनी त्या रेषेतच असल्या पाहिजेत.

हे सगळं दुपारी चारच्या आत आटपायचं. त्यानंतर सूर्य खाली येतो, पाणी चमकतं आणि प्रवाळाचे तपकिरी डाग दिसेनासे होतात. सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असताना पोलराइज्ड चष्म्यातून ते स्पष्ट दिसतात. भाड्याच्या बोटींना रात्री चालायला मनाईच असते.

आणि ओरडायचं नाही. नाळेवर उभा असलेला माणूस आणि सुकाणूवरचा माणूस यांच्यामध्ये दहा-बारा मीटर वारा असतो, त्यात शब्द हरवतात आणि फक्त आवाजाची पट्टी पोचते. बोटी-बोटींवर नवरा-बायकोची भांडणं याच दहा मीटरांत होतात. आम्ही हाताच्या चारच खुणा ठरवल्या. हात ज्या दिशेला तिकडे वळ, मूठ म्हणजे थांब, तळवा मागे म्हणजे उलटी चाल, हात गोल फिरवला म्हणजे साखळी सोडतोय. तिसऱ्या दिवसापासून आम्ही जागाही बदलल्या, एक दिवस तो सुकाणूवर, एक दिवस मी. त्याचं समुद्र लागणंही त्याच दिवशी कमी झालं, कारण सुकाणू धरलेल्या माणसाची नजर क्षितिजावर राहते.

कुठे जायचं

आग्नेयेचा वारा असेल तर हुक बेटाच्या दक्षिणेकडे आत शिरलेल्या नारा खाडीत उत्तम आडोसा मिळतो. वर खडकात एनगारो लोकांची चित्रं आहेत. हे लोक झाडाच्या सालीच्या होड्यांतून या बेटांमध्ये वावरायचे आणि इथे नऊ हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली आहे. तिथे हळू बोला, कशाला हात लावू नका.

सिड हार्बर नांगरासाठी छान आहे, पण पोहायला उतरू नका. २०१८ साली तिथे शार्कने तीन जणांवर हल्ले केले, आता मनाईच्या पाट्या आहेत. हुकच्या उत्तरेला बटरफ्लाय बे आणि मँटा रे बे. आडोसा आहे, पण उंच डोंगरावरून वाऱ्याचे झोत अचानक कोसळतात, म्हणून शीड आधीच आखडून ठेवा.

व्हाइटहेवनचा किनारा सात किलोमीटर लांब आहे आणि वाळू जवळपास शुद्ध सिलिकाची, भर उन्हातही पायाला पोळत नाही. वरून बघायला टंग बेमध्ये नांगर टाकून छोट्या होडीने काठावर जायचं. ओहोटीला तिथे खडक उघडे पडतात, तेव्हा पाणी बऱ्यापैकी असतानाच उतरा आणि परतायची वेळही आधी ठरवा. दक्षिणेकडच्या सॉलवे पॅसेजमध्ये वारा आणि पाण्याचा प्रवाह समोरासमोर आले की उंच, उभ्या लाटा उठतात. भरती-ओहोटीच्या मधल्या शांत वेळेलाच तिथून जा.

देवमासा दिसला तर या भागात ३०० मीटरच्या आत जायचं नाही. चौथ्या सकाळी एक मादी आणि तिचं पिल्लू आमच्या समोरून गेलं. आम्ही इंजिन बंद करून शीड सैल सोडलं. त्यांच्या श्वासाचा फवारा फुटल्याचा आवाज एवढ्या दुरूनही ऐकू येत होता.

परत

बोट बहुधा सकाळीच परत मागतात, म्हणून शेवटची रात्र मरीनापासून, म्हणजे बोटींच्या धक्क्यापासून, जवळ काढा. जमिनीवर पाय ठेवल्यावर दिवसभर जमीन हलते. त्या अवस्थेत केर्न्सपर्यंत गाडी हाकू नका आणि त्याच दिवशीचं विमानही ठेवू नका. आम्ही फक्त बोवेनपर्यंत गेलो, सत्तरेक किलोमीटर. हॉर्सशू बेजवळ व्हॅन लावली, नवऱ्याने न सांगताच दोन्ही दिवे पलंगाशेजारच्या खुंटीला अडकवले आणि रात्री दोनला आम्ही दोघंही आपोआप उठून खिडकीतून बाहेर बघितलं, झाड आणि खडक एका रेषेत आहेत ना ते.